काशीदादा, तुझी सलामी

काशीदादा, तुला अंगणात तिरडीवर ठेवलं होतं, भजनी मंडळाने टाळ हातात घेतले होते, आणि फाटकापाशी तुझा पुतण्या, आपला जयेश, कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून उभा होता. सोबत त्याचे दोन मित्र, त्यांच्याही हातात तेच. तुला सलामी द्यायला. ज्या माणसाने उभं आयुष्य पिस्तुलाची काडतुसं बनवण्यात घालवलं, त्याला निरोप द्यायचा तो गोळ्या झाडूनच, असं पोरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. हे मीच तुला सांगते आहे, कारण उद्या गावातलं कुणीतरी वर येईल आणि तिखटमीठ लावून तुला सांगेल. त्यापेक्षा तुझ्या बहिणीच्या तोंडून ऐक.

काल तेरावा झाला. पाहुणे पांगले. मी अजून कशेळीतच आहे, सासरी कामतघरला परत गेले नाही. वहिनी म्हणाली, इंदूबाय, राहा थोडे दिवस. राहिलेय. पण सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसले की तुझ्या खुर्चीकडे बघून भांडायची उबळ येते, आणि समोरून काही उत्तर येत नाही. तू गेल्याचं मला तिथे कळतं. रडू येतं, मग तुझाच राग येतो. अर्धी भांडणं टाकून गेलास.

आपलं जुनं भांडण एकच होतं. मी शाळेत पोरांना अहिंसेचा धडा शिकवायचे आणि तू काडतुसं करायचास. एकदा पेपरात गोळीबाराची बातमी वाचून मी तो पेपर घेऊन तरातरा तुझ्याकडे आले होते. ताटावर बसला होतास. मी पेपर तुझ्यापुढे टाकला आणि विचारलं, "ही तुझी?" तू हात धुतलास, चष्मा लावलास, बातमी शेवटपर्यंत वाचलीस आणि म्हणालास, "आमची नाही. गावठी होती." मी म्हटलं, "असती तर?" तू परत ताटावर बसलास, पण जेवला नाहीस. वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मीही काही न खाता घरी गेले.

पुढच्या रविवारी तू स्वतःच कामतघरला आलास. खाली आमचे कापडाचे लूम चालू होते, खडखडाटात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून आपण गच्चीवर गेलो. तू म्हणालास, "इंदू, पोलिसाच्या पिस्तुलातली गोळी ऐनवेळी फुसकी निघते, समोरचा सुरा घेऊन अंगावर येतो आणि पोलीस मरतो. त्या बातमीत गोळीबद्दल कुणी छापत नाही." मी म्हटलं, "म्हणजे मारलेलं बरं?" तू म्हणालास, "म्हणजे फसवलेलं वाईट." मला ते पटलं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही, तू मेलास म्हणून मी माघार घेणार नाही. पण त्या दिवशी तू गच्चीवरून खाली उतरलास तेव्हा मला वाटलं होतं की हा माणूस खोटं बोलत नाही. हे तुला सांगायला हवं होतं.

तू केलेलं काम गावाला कधी धड कळलं नाही. तू सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात लागलास तेव्हा तिथे सगळ्यांना मोठ्या गोळ्यांची मिजास होती. तोफेचा गोळा करणारा तो खरा, रायफलीची गोळी करणारा त्याच्या खालोखाल, आणि पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी, तिला कोण विचारतो? ती बाहेरून यायची, नाहीतर इथे होईल तशी व्हायची. पावसाळ्यात दमट व्हायची आणि चाप ओढला की नुसतीच खुट्ट वाजायची. तूच त्या छोट्या गोळीच्या मागे लागलास. सायबांनी तुला वेड्यात काढलं, दोन वेळा तुझी बढती मागे ठेवली, तरी तू हटला नाहीस. कारखान्याच्या एका कोपऱ्यात तू वाफेची आणि मिठाच्या पाण्याची खोली उभी केलीस. बाहेर वैशाख असला तरी आत आषाढ. कामगार त्या खोलीला काशिनाथचा पावसाळा म्हणायचे. त्या पावसाळ्यात तुझ्या गोळ्या महिनोन् महिने पडून राहायच्या आणि मग झाडून बघितल्या जायच्या. ज्या दिवशी पेटीतली एकही फुसकी निघाली नाही, त्या दिवशी तू मिठाईऐवजी सुकट घेऊन घरी आलास. म्हणालास, आज झणझणीत काहीतरी खायचंय.

गावात अजून एक दंतकथा आहे, ती तुला आवडायची नाही. म्हणे, बाबा होडीच्या फटी राळ लावून बुजवायचे, ते पाहून तुला काडतुसाची फट बुजवायची कल्पना सुचली. सरपंचांनी सत्काराच्या भाषणात हे सांगितलं तेव्हा तू माझ्या कानात म्हणालास, "अगं, लाखेचा थर सगळं जग लावतं. आम्ही फक्त नीट लावला." मी म्हटलं, गप बस, लोकांना होडीच आवडते. तू हसलास. त्या सत्काराची शाल तू दुसऱ्या दिवशी वहिनीच्या शिवणयंत्रावर झाकण म्हणून टाकलीस. ती अजून तिथेच आहे.

आणि तुझ्या घरात काडतुसाची एक रिकामी पितळी पुंगळीसुद्धा नव्हती. इतरांनी निवृत्त होताना तसल्या पितळेच्या फुलदाण्या आणल्या, घंटा आणल्या. जयेश लहान असताना तुझ्या मागे लागला होता, काका, चावीला लावायला एक द्या ना. तू त्याला बाजारातून पितळेचा मासा आणून दिलास. कारखान्यातली वस्तू कारखान्यात, असं म्हणून विषय बंद.

एका दिवाळीत मी इथे असताना एक बाई आली होती. पोलिसातली, साध्या साडीत, हातात पेढे. तिचं पिस्तूल पुराच्या पाण्यात पडलं होतं, तिने ते बाहेर काढलं आणि तिथल्या तिथेच तिला ते चालवावं लागलं. चाललं. ती म्हणाली, "सर, तुमच्या गोळीमुळे मी आज पाया पडायला आलेय." मला वाटलं, आता तू फुलून जाशील. तू तिला पाया पडू दिलं नाहीस आणि पहिला प्रश्न विचारलास, "समोरचा?" ती म्हणाली, "पायाला लागली, सर. जगला." मग तू खुर्चीत नीट टेकून बसलास आणि वहिनीला चहा टाकायला सांगितलास. मी स्वयंपाकघरात गेले, पदराने डोळे पुसले, बाहेर आले आणि तुला म्हटलं, "साखर कमी आहे, बघ." एवढंच बोलले. आपल्या घरात कौतुक म्हणजे साखरेवर बोलणं. त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला होता की छाती दुखत होती.

एकदा मी तुला माझ्या शाळेत बोलावलं. मुलांना तू छान समजावलंस, पावसात उघडं राहिलेलं बिस्कीट सादळतं, तशी गोळी सादळते, तिला डबा घट्ट हवा. मुलं खूश. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "काका, तुमच्या गोळीने किती माणसं मेली?" तुला मी जे ओरडून विचारायचे तेच तिने अगदी सहज विचारलं. तू तिच्या बाकापाशी गेलास, गुडघे वाकवून बसलास आणि म्हणालास, "मला माहीत नाही, बाय. मला ते कधीच कळणार नाही." माझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या पोरीमुळे मिळालं होतं.

आता जयेशच्या हळदीचं सांगते. तुला माहीत आहे, पण मला परत सांगायचंय. आपल्या गावात जमिनी गेल्या, गोदामं आली, मानकोलीपर्यंत नुसते पत्रे आणि ट्रक. ज्यांच्या बापाच्या कमरेला कोयता होता त्यांच्या कमरेला परवान्याचं रिव्हॉल्व्हर आलं. आपल्या भावाच्या, दत्तूच्या पोराने, जयेशनेही घेतलं. कुणापासून जीव वाचवायचा होता देव जाणे, हळदीत मिरवायचं होतं हे मात्र सगळ्यांना माहीत. हळदीला डीजे, नाच, बोकडाचं जेवण, आणि ऐन रंगात आलं तसं त्याने आभाळात बार काढले. लोक ओरडले, शिट्ट्या मारल्या. तू जेवत होतास. ताट तसंच ठेवून उठलास, अंगणातली सगळी पोरं गोळा केलीस, त्यांना ओढत पक्क्या स्लॅबखाली नेलंस आणि म्हणालास, "आता खाली येतायत." लोक हसले. बाकीच्यांचं सोड, मीही हसले.

मग जयेशने रिकाम्या पुंगळ्या टेबलावर ओतल्या, पत्रावळींच्या बाजूला. तू एक उचललीस, उजेडात धरून तिच्या बुडावरची खूण वाचलीस. परवान्यावर विकतात त्या गोळ्याही तुझ्याच कारखान्याच्या. तुझा चेहरा उतरला. मला म्हणालास, "आमची आहे, इंदू. मी असतानाची." मी म्हटलं, "वाजली तर छान." कधीकधी मला वाटतं माझ्या जिभेलाही परवाना लागायला हवा.

दुसऱ्या दिवशी घरात लग्नाची घाई आणि तू शिडी घेऊन गावभर. कुणाची गच्ची, कुणाचा पत्रा, कुणाची पाण्याची टाकी. दत्तू वैतागला, "नवरदेवाचा काका पत्र्यावर चढून बसलाय, लोक काय म्हनतील?" तुला एक गोळी लूमवाल्यांच्या चाळीत सापडली. पत्र्याला भोक पाडून ती आत पलंगाखाली गेली होती. तिथल्या बाईने तुला सांगितलं, "चाचा, हमको लगा ओला गिरा." गार पडली असं वाटलं होतं तिला. त्या पलंगावर तिचं तान्हं बाळ झोपायचं, त्या रात्री ते तिच्या मांडीवर होतं. तू तिला नवा पत्रा घालून दिलास, ती चपटी झालेली गोळी वरातीआधी जयेशच्या हातावर ठेवलीस आणि म्हणालास, "ही आपल्या घरची आहे. तुझी पण आणि माझी पण." जयेश रुसला. पुढे बोलायला लागला, पण रिव्हॉल्व्हर कमरेला राहिलंच. तू त्याला टाकलं नाहीस. त्याच्या मुलीला, स्वराला, तू रोज संध्याकाळी खाडीकाठी बगळे दाखवायला न्यायचास.

आणि तोच जयेश तुझ्या तिरडीपाशी रिव्हॉल्व्हर घेऊन उभा. मी आतून धावत बाहेर गेले. म्हटलं, "काय चाललंय?"

"आत्या, तू आत जा. काकाला सलामी द्यायची हाय."

"कसली सलामी?"

"असा मानूस गावात दुसरा झाला न्हाय," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "लढाईत गेलेल्याला सरकार बंदुका वाजवतं. काकाची गोळी देशभर पोलिसांच्या कमरेला हाय. त्याला कोन आलाय? कारखान्याचा एक हार आलाय, बस. सरकारनी न्हाय दिली तर आमी देऊ. हळदीची गोष्ट वेगली व्हती, आत्या. ती मस्ती व्हती. ही इज्जत हाय."

खरं सांगते दादा, क्षणभर मलाही वाटलं, होऊ दे. पोरगं खोटं बोलत नव्हतं. इतकं मोठं काम केलेला माणूस, आणि आला तो एक हार. वाजू देत बार, हलू दे सगळी कशेळी, रस्त्यावरचे ट्रकवाले थांबून विचारू देत की कोण गेलं. माझा भाऊ गेला. मलाही गावाला ऐकवायचं होतं. मी तिथे उभी राहून हो म्हणण्याच्या अगदी काठावर होते.

मग मी वर पाहिलं. समोर आता ती सात मजली इमारत झाली आहे ना, तिच्या प्रत्येक गॅलरीत बायका आणि पोरं तुला बघायला वाकून उभी होती. गच्चीवर लूमच्या शिफ्टवरून आलेली माणसं. झाडावर पोरं. तू एकट्याने एवढ्यांना कुठल्या स्लॅबखाली नेलं असतंस?

मी जयेशला म्हटलं, "ठीक आहे. झाड. पण आधी स्वराला बाहेर आण."

"तिला कशाला?"

"काकाची लाडकी होती ना? सलामी बघू दे तिला. तिथे, अंगणाच्या मधोमध, उघड्यावर उभी कर. मी तिच्या शेजारी उभी राहते. मग तुम्ही तिघं मिळून किती झाडायच्या तेवढ्या झाडा."

"आत्या, असं नको बोलू."

"का रं? इज्जत हाय ना?" माझ्या तोंडून गावचीच बोली आली. "तुझी पोर सोडून बाकीच्यांच्या डोक्यावर इज्जत करायची हाय का?"

भजनी मंडळाचे टाळ थांबले होते. वहिनी दारात येऊन उभी राहिली. जयेशने वर पाहिलं, त्या गॅलऱ्यांकडे, एकेका मजल्याकडे. मग तो रडत खाली बसला. आता सांगते, तेव्हा मला त्याची दया आली आणि अभिमानही वाटला. सगळ्या गावासमोर हात मागे घ्यायला हात वर करण्यापेक्षा जास्त धाडस लागतं.

त्याच वेळी फाटकातून शौकतभाई आत आले. तुझे शौकतभाई, तुझी प्रत्येक गोळी आधी झाडून बघणारे. भिवंडीतून रिक्षाने आले होते, कपाळावर घाम, एका कानाने बहिरे, ते बहिरेपण तुझ्याच गोळ्यांचं. त्यांनी जयेशला बघितलं, त्याच्या हातातलं बघितलं आणि एका नजरेत सगळं ओळखलं. जवळ जाऊन हात पुढे केला. "ला बेटा. मेरे को दे."

जयेशने दिलं. शौकतभाईंनी रिव्हॉल्व्हरचं फिरतं चाक उघडून गोळ्या ओंजळीत घेतल्या आणि त्याच्या खिशात टाकल्या. मग प्रत्येक भोकात करंगळी घालून बघितली, सावकाश, एकेक करून. त्या दोघा मित्रांनी न सांगता आपापली रिकामी केली. शौकतभाई तुझ्या पायाशी येऊन ताठ उभे राहिले. त्यांनी मला नंतर सांगितलं की कारखान्यात रोज संध्याकाळी चाचणी संपली की ते असेच तुझ्यासमोर येऊन उभे राहायचे, आणि हत्यार रिकामं असल्याचं त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय तू कुणालाही घरी सोडायचा नाहीस. दिवसाचा शेवटचा शब्द तोच असायचा. त्यांनी उघडं रिव्हॉल्व्हर तुझ्यासमोर धरलं आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, शेवटच्या गॅलरीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले,

"हथियार खाली है, साहब."

रस्त्यावर एका ट्रकने इंजिन बंद केलं. मग जयेश उठला, पुढच्या बाजूला खांदा द्यायला वाकला, आणि तुला उचललं. बायका फाटकापर्यंतच जातात, मीही तिथेच थांबले. शेजारी नव्याने राहायला आलेली एक बाई उभी होती, तिने मला विचारलं, "कौन थे ये, मौसी?" तू जिवंत असताना मी कधी केलं नाही ते तेव्हा केलं, दादा. तू ऐकू शकत नव्हतास म्हणून असेल, मी छाती भरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ह्यो माझा दादा."